एक वाजताची नाडी

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मी अठरा वर्षं नोकरी केली. लढाई पाहिलीत का, असं लोक विचारतात. लढाईच्या जखमा पाहिल्या, लढाई पाहिली नाही. त्या नोकरीतली माझी सगळ्यात वाईट दुपार माझ्याच रत्नागिरी जिल्ह्यात गेली, राजापूरच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एका शाळेत. तिच्याबद्दल लिहायचं बरीच वर्षं टाळलं. आता लिहिते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कॅप्टन होते, पोस्टिंग पुण्याला. त्या वर्षी पावसात राजापूर तालुक्यातल्या आतल्या गावांकडे जाणारा एक पूल वाहून गेला. सप्टेंबरच्या शेवटी इंजिनिअर्सची एक कंपनी तिथे बेली ब्रिज टाकायला निघाली. बेली ब्रिज म्हणजे लोखंडी चौकटी पिनांनी एकमेकींना जोडून उभा केलेला तात्पुरता पूल. त्या चौकटीला पॅनल म्हणतात. एका पॅनलचं वजन अडीचशे किलोच्या वर, आणि ते सहा जवान हातांनी उचलून नेतात. शिवाय पुरानंतर आतल्या गावांत तापाची साथ होती, तिथल्या लोकांनाही तपासायचं होतं. म्हणून कंपनीबरोबर वीस खाटांचं मेडिकल डिटॅचमेंट दिलं. मी रत्नागिरीची, भाषा येणारी, म्हणून त्यात माझं नाव लागलं. सोमवारी हुकूम मिळाला, बुधवारी सकाळी सहाला आम्ही पुणे सोडलं.

शाळा जांभ्या दगडाची, कौलारू, तीन खोल्यांची. मुलांचे वर्ग गावाने देवळाच्या सभामंडपात हलवले होते. मोठ्या खोलीत वॉर्ड, मधल्या खोलीत ड्रेसिंग आणि तपासणी, शेवटच्या खोलीत औषधांचं स्टोअर. वायरलेस सेट व्हरांड्यात. पुलाची साइट अकरा किलोमीटर आत. रत्नागिरीचं सरकारी हॉस्पिटल पासष्ट किलोमीटरवर, आणि पावसाने उखडलेल्या रस्त्यावरून अँब्युलन्सला अडीच तास. आमच्याकडे अँब्युलन्स एक, डॉक्टर एक. ते मेजर सिन्हा, आमचे ओसी, म्हणजे तुकडीचे प्रमुख. माझ्या हाताखाली चार नर्सिंग असिस्टंट. हे जवानच असतात, त्यांना नाडी, ताप, इंजेक्शन, ड्रेसिंग शिकवलेलं असतं.

सकाळची ड्युटी आठ ते दोन. दोनला हँडिंग ओव्हर. म्हणजे जाणाऱ्याने रिपोर्ट बुक येणाऱ्याच्या हातात द्यायचं, प्रत्येक खाटेपाशी उभं राहून वाचून दाखवायचं. रिपोर्ट बुक इंग्रजीत लिहायचं, हा नियम. आणि आमच्या मुलांचं इंग्रजी भयंकर होतं. पहिल्याच आठवड्यात एका तापाच्या रुग्णापुढे लिहिलेलं सापडलं: "पेशंट इज व्हॉमिट टू टाइम. इंजेक्शन गिव्ह."

मेजर सिन्हांनी ते पान माझ्यासमोर धरलं. "सिस्टर, इंजेक्शन दिलं, देतायत की देणार आहेत? मी काय समजू? पुन्हा दिलं तर डबल डोस, नाही दिलं तर डोस चुकला. यांना शिकवा."

मग मी रोज अडीच ते साडेतीन वर्ग घ्यायला लागले. व्हरांड्यात, शाळेच्याच फळ्यावर. चार नर्सिंग असिस्टंट आणि अँब्युलन्सचा ड्रायव्हर. माझे वडील रत्नागिरीत इंग्रजीचे मास्तर होते, क्रियापदांची कोष्टकं आमच्या घरी जेवताना म्हणून घेत. ही मुलंही कोष्टक घडाघडा म्हणत. गो, वेंट, गॉन. गिव्ह, गेव्ह, गिव्हन. यातलं कुठलं कधी वापरायचं, ते मात्र एकालाही सांगता येत नव्हतं. मी कोष्टक बाजूला ठेवलं आणि वॉर्डातलं काम घेतलं.

"आय गिव्ह इंजेक्शन ॲट टेन. म्हणजे रोज दहाला देतो, ती माझी ड्युटी. आज दिलं की नाही ते यात नाही. आय ॲम गिव्हिंग म्हणजे सुई आत्ता हातात आहे. आय गेव्ह ॲट टेन म्हणजे दहाला दिलं, वेळेसकट संपलं. आय हॅव गिव्हन म्हणजे दिलेलं आहे, आता दुसऱ्याने देऊ नये. आय विल गिव्ह म्हणजे अजून दिलेलं नाही. यातलं रिपोर्ट बुकात काय येईल?"

लान्स नायक दत्ताराम मांडवकर म्हणाला, "गेव्ह."

"का?"

"झालेलं लिवायचं ना मॅडम. होनारं कशाला लिवू."

हा मांडवकर लांजा तालुक्यातला, सत्तावीस वर्षांचा, कामाला सगळ्यांत चांगला. म्हाताऱ्या माणसाची शीर जिथे मला दोनदा टोचूनही सापडली नाही, तिथे त्याला पहिल्या खेपेला सापडली होती. पण इंग्रजीच्या परीक्षेत तो दोनदा नापास झालेला. ती पास झाल्याशिवाय पुढच्या कोर्सला नाव जात नाही, आणि कोर्स झाल्याशिवाय नायकाची फीत मिळत नाही. एज्युकेशन ऑफिसर महिन्याच्या शेवटी आमच्याकडेच येऊन परीक्षा घेणार होते. शुक्रवारी, सकाळी नऊला. ही त्याची तिसरी आणि शेवटची खेप होती.

त्याला सोपं पडावं म्हणून मी पंधरा वाक्यं लिहून दिली. पेशंट वॉज कम्फर्टेबल. पल्स वॉज रेग्युलर. ड्रेसिंग वॉज चेंज्ड. लंच वॉज टेकन वेल. अशी. ती सगळ्यांनी उतरवून घेतली. मांडवकरने पाठ केली. दहा दिवसांत रिपोर्ट बुकाचा चेहरामोहरा बदलला. मेजर सिन्हांनी दोन पानं उलटली आणि म्हणाले, "व्हेरी गुड." मला बरं वाटलं. ते लपवत नाही.

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. एक दिवस बाराच्या सुमाराला मी वॉर्डात गेले, तर मांडवकर स्टुलावर बसून रिपोर्ट लिहीत होता आणि एक वाजताचा रकाना भरून झाला होता. लंच वॉज टेकन वेल. जेवणाचा डबा अजून लंगरमधून निघालाही नव्हता.

"मांडवकर, हे काय?"

"मॅडम, इंग्रजी लिवायला मला तास लागतो. दोनला येनारा उभा ऱ्हातो डोक्यावर. जेवन तर येतंच ना साडेबाराला."

जेवण येतच होतं. अक्षर सुरेख होतं, वाक्यात चूक नव्हती. मी हसले आणि पुढे गेले.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, साइटवरून चंद्रकांत धुमक या सॅपरला, म्हणजे इंजिनिअर्सच्या जवानाला, आणलं. पॅनल नेताना पुढच्याचा पाय चिखलात घसरला आणि पॅनलचं टोक धुमकच्या डाव्या बरगड्यांवर बसलं. तेवीस वर्षांचा, दापोलीकडचा, आंजर्ल्याजवळच्या वाडीतला. स्ट्रेचरवरून उतरताना म्हणाला, "मी चालत येतो की." मेजर सिन्हांनी पोट तपासलं. डाव्या बाजूला दाबलं की दुखत होतं. नाडी शहाऐंशी, बीपी चांगलं.

बाहेर येऊन ते मला म्हणाले, "प्लीहेला मार लागला असेल. बहुतेक काही होणार नाही. पण ही जखम दोन-तीन दिवस गप्प बसते आणि मग आतल्या आत फुटते. अशा रस्त्याने हलवणंही धोक्याचं. इथेच ठेवू. चोवीस तास दर अर्ध्या तासाला नाडी आणि बीपी, मग दर तासाला. नाडी शंभरच्या वर गेली की मला बोलवा, त्याच मिनिटाला रत्नागिरीला काढायचा. तासाभराचा उशीर झाला तर हातातून जाईल."

हे मी चारही नर्सिंग असिस्टंटना उभं करून सांगितलं. मराठीत सांगितलं. खाटेच्या पायथ्याला चार्ट लावला, आणि तेच आकडे रिपोर्ट बुकातही लिहायचे ठरलं.

धुमकची खाट व्हरांड्याकडच्या खिडकीला होती. त्याला झोपून राहायची सक्त ताकीद, हालचाल बंद. मंगळवारी दुपारी आमचा वर्ग सुरू झाला तसा तो आतून बोलायला लागला.

"मॅडम, ह्या 'पुट'चं काय?"

"पुट, पुट, पुट," मी म्हटलं.

"बरा हाय. काल तसाच, आज तसाच, उद्या तसाच. आमच्या सुभेदार साहेबांवानी."

ड्रायव्हर मोठ्याने हसला. मांडवकर वैतागला. "ए, तू गप पड. पोटात लागलंय ना तुला? मग तोंड कशाला चालवतोस?"

"तोंडाला बेडरेस्ट नाय दिलेली साहेबांनी. वाचून बघ चार्ट. इंग्रजीत लिवलंय, तुला नाय कळायचं."

बुधवारी तर तो मांडवकरची उजळणी घेत होता. मांडवकर खाटा आवरतोय आणि हा उशीवरून विचारतोय. "टेक?" "टुक, टेकन." "ब्लीड?" "ब्लेड, ब्लेड." "राइज?" मांडवकर अडला. "गेला हा परीक्षेत," धुमक शेजारच्या खाटेला म्हणाला. बुधवारी संध्याकाळपर्यंत त्याची नाडी बहात्तर ते चौऱ्याऐंशीच्या मध्ये होती. बुधवारची रात्रही शांत गेली.

गुरुवारी सकाळी आठला मी आणि मांडवकर ड्युटीवर आलो. वॉर्डात चौदा रुग्ण. आठला धुमकची नाडी अठ्ठ्याहत्तर, ती मी स्वतः घेतली. नऊला मेजर सिन्हांनी राउंड घेतला आणि ते साइटवर गेले, तिथे तिघांना ताप होता. मी साडेनऊला स्टोअरमध्ये गेले. महिनाअखेरचा औषधांचा स्टॉक तपासायचा होता. वॉर्ड आणि स्टोअर यांच्या मध्ये एक खोली.

त्यानंतर वॉर्डात काय झालं ते मला नंतर कळलं. इथे क्रमाने देते.

नऊ, दहा आणि अकरा वाजता मांडवकरने नाडी घेतली. ती खरी. अकराला चौऱ्याऐंशी. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला परीक्षा होती आणि दुपारचा वर्ग म्हणजे शेवटची उजळणी. हँडिंग ओव्हर झटपट व्हावं म्हणून त्याने सव्वाअकराला रिपोर्ट लिहायला घेतला आणि दोन वाजेपर्यंतचा लिहून काढला. बाराला चौऱ्याऐंशी, एकला चौऱ्याऐंशी. पेशंट वॉज कम्फर्टेबल. चार्टवरही तेच आकडे टाकले. आकडे टाकले तरी नाडी त्या त्या वेळेला घ्यायचीच, असं त्याच्या मनात होतं. तसं तो नंतर म्हणाला आणि मी ते खरं मानते. साडेअकराला धुमक म्हणाला, "डावा खांदा दुखतोय रे." मांडवकर म्हणाला, "लोळून लोळून दुखतोय." पोटात रक्त साठलं की डावा खांदा दुखतो. हे मी मुलांना शिकवलेलं नव्हतं. पावणेबाराला एका तापाच्या रुग्णाला उलट्या सुरू झाल्या, चादरी बदलाव्या लागल्या, ड्रिप लावावं लागलं. साडेबाराला जेवण आलं. धुमक नको म्हणाला आणि डोळे मिटून पडला. एकला मांडवकरने दारातून पाहिलं. झोपलाय, उठवू नये, असं त्याला वाटलं.

आता माझं. बारा वाजून दहा मिनिटांनी मी पाणी प्यायला वॉर्डातून गेले. धुमकच्या पायथ्याशी थांबले. चार्ट पाहिला. बारा वाजता चौऱ्याऐंशी. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी पुढे गेले. एकचा आकडाही तेव्हा चार्टवर असणार. तो मी पाहिला नाही, कारण बाराचा मला पुरला.

पावणेदोनला हँडिंग ओव्हरसाठी मी वॉर्डात आले. सवयीने पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. पाचवी खाट धुमकची. मनगट हातात घेतलं तर ते गार आणि ओलं. नाडी लागेना. मग लागली, दोऱ्यासारखी, एकशे बत्तीस. ओठ पांढरे. बीपी ऐंशीच्या खाली.

मांडवकर रिपोर्ट बुक घेऊन माझ्यामागे उभा होता.

"एकची नाडी कधी घेतलीस?" मी विचारलं.

त्याने बुक मिटलं.

"ड्रिप लाव. दोन्ही हातांना. पळ."

त्याला दोन्ही शिरा पहिल्या खेपेला सापडल्या. मी व्हरांड्यात सेटवर गेले. वायरलेसवर डॉक्टरला स्टारलाइट म्हणतात.

"स्टारलाइटला द्या. तातडीचं. ओव्हर."

"स्टारलाइट. बोला. ओव्हर."

"धुमक. पल्स एकशे बत्तीस, बीपी ऐंशीच्या खाली. पोट ताठ. ओव्हर."



"आत्ता निघा. मी ओणी फाट्यावर भेटतो. रक्तगट जुळणारे चार जवान घेऊन येतो. रत्नागिरीला कळवा, सर्जन तयार ठेवा. एकला किती होती? ओव्हर."

"एकला घेतली नाही. ओव्हर."

"रॉजर. आउट."

दोन वाजून पाच मिनिटांनी अँब्युलन्स निघाली. मी मागे, धुमकपाशी. मांडवकरला वॉर्डात ठेवावं लागलं, तेरा रुग्ण होते. दोन पस्तीसला ओणी फाट्यावर मेजर सिन्हा चढले, मागून वन-टन ट्रकमध्ये चार सॅपर. रस्ता असा होता की ड्रायव्हरने वेग वाढवला की बाटली हेलकावे खायची आणि सुई निघायला बघायची. मी ती सुई धरून बसले होते.

धुमक शुद्धीवर होता. पाणी मागत होता. देता येत नव्हतं, ओला कापूस ओठांना लावला.

"मॅडम, रत्नागिरीत ऑपरेशन?"

"हो."

"आवशीला तार नका करू. पत्र टाका. तार आली की ती फोडायच्या आधीच रडाय लागते."

"नाही करत."

"मग बरं."

लांजा तीन पंचवीसला गेलं. त्यानंतर तो बोलला नाही. पालीच्या अलीकडे चार वाजून बारा मिनिटांनी नाडी थांबली. मेजर सिन्हांनी पंधरा मिनिटं छाती दाबली. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि हात मागे घेतला. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि वेग कमी केला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती.

रत्नागिरीच्या सर्जनने रात्री मेजरना सांगितलं, "बारा-एकच्या सुमाराला तिथून निघाला असता तर मी टेबलावर घेतला असता." वाचला असताच, असं ते म्हणाले नाहीत. कुठलाही सर्जन म्हणत नाही.

त्याच्या आईला तार गेलीच. ती पाठवणं माझ्या हातात नव्हतं.

शुक्रवारी सकाळी एज्युकेशन ऑफिसर आले. मांडवकर परीक्षेला बसला नाही. शाळेमागच्या विहिरीवर तो चादरी धूत होता. त्या धुवायचं काम त्याचं नव्हतं. मी तिथे गेले.

"मॅडम, चौकशी होईल ना?"

"होईल. कोर्ट ऑफ इन्क्वायरी."

"बुकात तर सगळं बरोबर हाय." त्याने मान वर केली नाही. "कोनाला काय कळनार नाय. अचानक फुटलं म्हनतील."

तो म्हणत होता ते खरं होतं. बारा आणि एकचे आकडे खोटे ठरवणारा कागद कुठेच नव्हता. मी वायरलेसवर बोलले होते त्याची कुठे नोंद नव्हती.

"काय सांगू मी?" त्याने विचारलं.

"झालं ते."

"सगळं?"

"सगळं."

मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमी त्या दिवशी बघितलं व्हतंत. जेवनाचं लिवलेलं. ता पन सांगू?"

मी सांगायला हवं होतं की हो, सांग. त्याचं बादलीतलं पाणी ओतून होईपर्यंत वेळ गेला.

"ते मी सांगते," मी म्हटलं.

पुढच्या बुधवारी चौकशी झाली. बाहेरच्या युनिटचे एक मेजर, इंजिनिअर्सचे एक कॅप्टन आणि एक सुभेदार. मधल्या खोलीत टेबल टाकलं होतं. मांडवकरला उभं केलं.

"रिपोर्ट बुकाप्रमाणे एक वाजता नाडी चौऱ्याऐंशी. बरोबर?"

"नाही साहेब."

"हे तुझं अक्षर नाही?"

"अक्षर माझंच. नाडी घेतली नव्हती."

सुभेदार इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली.

माझी साक्ष दहा मिनिटांची झाली. आगाऊ लिहिण्याची सवय मला तीन आठवड्यांपासून माहीत होती, हे मी सांगितलं. बाराच्या सुमाराला रुग्णाला हात न लावता चार्टवर विश्वास ठेवला, तेही सांगितलं.

"सवय माहीत होती तर रोखलं का नाही?"

"रिपोर्ट चांगला लिहिलेला होता."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

मेजर सिन्हांनीही सांगितलं की रुग्णाला इथे ठेवायचा निर्णय त्यांचा होता. मांडवकरची लान्स नायकाची फीत काढली आणि त्याला परत शिपाई केलं. मला लेखी डिस्प्लेझर मिळालं, म्हणजे वरिष्ठांची नाराजी, जी सर्व्हिस रेकॉर्डला कायमची लागते. मेजरची रँक मला माझ्या बॅचच्या तीन वर्षं मागून मिळाली. मी अर्ज-विनंती केली नाही. मांडवकरने पुढे चार वर्षं काढली आणि पेन्शनची वर्षं भरायच्या आधीच घरी आला. लांज्याला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर आहे. अजून शीर पहिल्या खेपेला सापडते, असं लोक सांगतात. मला तो भेटत नाही. मीही जात नाही.

पंधरा वाक्यांचा कागद मी चौकशीच्या दिवशीच फाडला. वर्ग बंद केला नाही. उरलेल्या तिघांना काळ शिकवत राहिले, पण लिहून दिलेली वाक्यं एकही नाही. जे पाहिलं ते तिथल्या तिथे, खाटेपाशी उभं राहून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचं. मेजर सिन्हांनी परत कधी इंग्रजीबद्दल तक्रार केली नाही.

डिसेंबरमध्ये मला रजा मिळाली. दापोलीला गेले, तिथून एसटीने, मग तरीतून खाडी ओलांडून धुमकच्या वाडीत. जायला कुणी सांगितलं नव्हतं. जाऊ नये असंच सगळ्यांचं मत होतं.

दुपारचे दोन वाजले होते. त्याची आई अंगणात सुपाऱ्या सोलत बसली होती. साधारण पन्नाशीची, हाताने चपळ.

"कोन गो तू?"

"चंद्रकांत ज्या हॉस्पिटलमध्ये होता तिथली सिस्टर."

"बस, बाय."

मी बसले आणि सांगितलं. घड्याळाप्रमाणे सांगितलं, आठपासून. अकराला काय झालं, साडेअकराला तो काय म्हणाला, बाराला आणि एकला काय झालं नाही. तिचं सोलणं चालू होतं.

"म्हंजे कोनी नुसता हात लावला असता, तरी कळलं असतं."

"हो."

"तू कुठं व्हतीस?"

"पलीकडच्या खोलीत. बाराला त्याच्या खाटेपर्यंत गेले होते. कागद बघितला. त्याला नाही बघितलं."

ती थांबली. हातातली सुपारी सुपात टाकली, दुसरी घेतली नाही.

"त्या पोराला काय केलात?"

"फीत काढली."

"आवस हाय त्याला?"

"आहे."

ती उठली. आत गेली, मला वाटलं आता येणार नाही. पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्यापुढे ठेवला आणि परत बसली.

"तीन दिवस व्हता ना तुमच्याकडं? मग बोललाच असेल. गप ऱ्हानारा नाय तो. काय काय बोलला ता सांग."

मी आठवून आठवून सांगितलं. सुभेदार साहेबांची थट्टा सांगितली. स्ट्रेचरवरून चालत येतो म्हणाला ते सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला तो सांगत होता की लहानपणी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला मी एका दमात पायऱ्या चढून जायचो, कुठे थांबायचो नाही.

"खोटं!" ती म्हणाली. "अर्ध्यावर बसायचा. पाय दुखले म्हनून. सात वर्साचा घोडा झाला तरी मी कडेवर घेऊन चढायची." ती हसली. बराच वेळ हसली, मग पदराने तोंड पुसलं.

मी उठायला लागले. शेवटची एसटी पावणेपाचला होती आणि आधी खाडी ओलांडायची होती.

"पाच वाजता याचा बापूस येल बागेतनं," ती म्हणाली. "त्याला ता दुपारचा सांगू नको. मी पन नाय सांगनार. ह्या बाकीचा सांग. तार आल्यापासनं तो कोनाशी बोलत नाय."

मी परत बसले. पाच वाजता ते आले. कोयता भिंतीला ठेवला, हातपाय धुतले, ओटीवर टेकले आणि माझ्याकडे पाहत राहिले.

"चंद्र्याच्या दवाखान्यातली बाय हाय," ती म्हणाली. "ऐका, काय सांगते ता."

मी मंगळवारपासून सुरुवात केली.